दारावरची झडती

आमच्या घरात शिव्या चालायच्या, 'चोर' चालत नसे. आई गाढव म्हणायची, मूर्ख म्हणायची, फारच तापली तर मला आणि धाकट्याला एका दमात 'मेल्यांनो' म्हणायची, आणि बाबा वर्तमानपत्राआडून खुदुखुदु हसायचे. पण चुकून कुणाच्या तोंडून 'चोर' निघालं की वर्तमानपत्र खाली यायचं. ओरडा नाही, मार नाही. नुसते बघायचे. त्या बघण्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

बाबा बटणांच्या कारखान्यात फाटकावर होते. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. पुरुषांनी हात वर करून उभं राहायचं आणि बाबा त्यांचे खिसे चाचपायचे. बायकांना हात लावायचा नाही. त्यांनी आपले खिसे, आपल्या पिशव्या आपणच उलट्या करून दाखवायच्या. बटण ही वस्तूच अशी की ती मुठीत राहते, मोज्यात राहते, अंबाड्यातसुद्धा राहते. त्यातून शिंपल्याची बटणं महाग, त्यामुळे साहेबांचा सगळा जीव त्या फाटकात.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका कामगाराच्या खिशात बटणं लागली आणि बाबा अख्ख्या रांगेदेखत 'चोर!' म्हणून ओरडले. दुसऱ्या दिवशी उघड झालं की ती बटणं त्याच्याच कोटाची होती. यंत्रात बाही अडकून तुटली, घरी बायकोकडून लावून घ्यावीत म्हणून त्यानं खिशात टाकली होती. बाबांनी त्याच रांगेसमोर त्याची माफी मागितली. तरीही तो माणूस कारखाना सोडीपर्यंत 'बटणचोर' राहिला, आणि त्याची मुलगी शाळेत 'बटणचोराची'. "माफी माझी एकट्याची होती गं," बाबा मला एकदा म्हणाले, "शब्द सगळ्यांचा झाला होता."

त्यानंतर त्यांनी फाटकाच्या अलीकडे एका स्टुलावर पत्र्याचा डबा ठेवला. कुणाच्या खिशात काही राहिलं असेल तर त्यानं झडतीआधी त्यात टाकावं, कुणी विचारणार नाही. आणि तरीही हाताला काही लागलंच, तर बाबा हळूच म्हणायचे, "राहिलंय वाटतं," आणि वर आकाशात बघत उभे राहायचे. आकाशात बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, कारखान्याचं धुरांडं होतं. तो माणूस मागे फिरून डबा गाठायचा आणि परत रांगेत यायचा. साहेबांना हे अजिबात पसंत नव्हतं, पण फाटकावर दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

घरात आई त्यांची यथेच्छ टिंगल करायची. "मांजरानं दूध चोरलं म्हणायचं नाही हं मुलांनो. मांजराच्या मिशीला दूध राहिलंय!" तिनं बाबांच्या कोटाला आतून चोरखिसा शिवला तर बाबा त्याला 'आतला खिसा' म्हणत. आई विचारायची, "आणि मग चोरपावलांनी आलं तर काय म्हणायचं? आतल्या पावलांनी?" बाबा हसायचे, पण आपलं सोडायचे नाहीत. धाकटा आणि मी अंगणात चोर-शिपाई खेळायचो, तेही दोघंही शिपाई होऊन. मग पळायचं कुणी आणि पकडायचं कुणाला, यावरून रोज मारामारी.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाकटा त्याच्या बायकामुलांसह दुसऱ्या गावी असतो. मी लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि मी परत बाबांच्या दोन खोल्यांत आले. पडद्यांच्या दुकानात चुण्या घालायचं काम करते. कापड मापून दुमडायचं, टाचण्या लावायच्या, मागून जाड पट्टी शिवायची, कड्या अडकवायच्या. आमच्या मालकांना आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणतो, कारण माणूस आत आला की ते आधी भिंतीकडे बघतात आणि मग माणसाकडे.

बाबांचं विसरणं हळूहळू आलं. आधी चष्मा विसरले, मग शेगडी, मग आई गेल्याचंही विसरले. आई बाजारात गेलीय, असं ते म्हणायचे आणि मी 'हो' म्हणायचे. तिला यायला फार उशीर होतोय, यावर तर आमचं दोघांचं एकमतच होतं.

मग एका सकाळी मी कामाला निघाले, तर बाबा दारात उभे. अंगात जुना खाकी कोट, बटणं वरपर्यंत लावलेली.

"खिसे दाखवा, बाई."

मला हसू फुटलं. त्यांना नाही फुटलं. मी किल्ली, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या असं सगळं काढून दाखवलं, पर्स उलटी केली. त्यांनी मान हलवली आणि दारातून बाजूला झाले. त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना हसत हसत सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, आणि माझी बस चुकायला लागली. घड्याळ मला सगळ्यांसमोर कामचोर म्हणालं. त्याचं मला काहीच वाटलं नाही. मालकाच्या तोंडी तो शब्द म्हणजे 'या, बसा'सारखाच.

मी शक्कल काढली. दारापाशी स्टूल ठेवलं आणि त्यावर बिस्किटांचा रिकामा डबा. निघताना मी माझ्या वस्तू त्यात टाकायचे. बाबा म्हणायचे, "राहिलंय वाटतं," आणि छताकडे बघत राहायचे, जिथे ओलीचा एक डाग होता. मग ते समाधानानं आत वळायचे आणि मी डब्यातलं सगळं उचलून जिना उतरायचे. वरच्या मजल्यावरच्या मावशी दिवसभर त्यांच्यापाशी बसायला यायच्या, त्यांनाही खाली उतरून परत वर जाताना डबा चुकायचा नाही. खरं सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. लहानपणी मी बाबांना कामावर कधी पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी पाहत होते आणि मनात म्हणत होते की किती चांगला माणूस आहे हा.

थंडी पडली तशी मी हिरवा स्वेटर काढला. माझ्या शाळेतल्या स्वेटरची लोकर उसवून आईनं तो नंतर मोठा करून विणलेला. कोपरांवर विरलाय, पण ऊब जात नाही. तो घालून दारात आले, किल्ली डब्यात टाकली, आणि बाबा छताकडे बघेनात. माझ्या बाहीकडे बघत राहिले.

"हा स्वेटर कुणाचा?"

"माझा, बाबा."

"हा माझ्या ठमीचा आहे."

"बाबा, मीच ठमी."

त्यांनी माझा चेहरा पाहिला, माझे पांढरे झालेले केस पाहिले. "ठमी शाळेत गेलीय," ते म्हणाले. आणि मग, बटणांच्या त्या प्रकारानंतर आयुष्यभर जो शब्द त्यांनी दाताआड ठेवला तो माझ्या तोंडावर फेकला. "चोर!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, जिन्यात जाऊन म्हणाले. समोरचं दार उघडलं, खालचं दार उघडलं. मी स्वेटर काढला, स्टुलावर ठेवला आणि तशीच निघाले. बसथांब्यापर्यंत अंग चोरून चालत गेले. थंडी तर होतीच, पण ती सोसवत होती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा स्वेटर नीट घडी करून बाबांच्या उशाशी ठेवलेला होता. बाबा खिडकीत बसून शाळेच्या रस्त्याकडे डोळे लावून होते. मी आत पाऊल टाकलं तसे ते भिंतीला सरकले. "ठमी कुठाय? कुठे ठेवलीस तिला?" मी म्हटलं, येईल. ते म्हणाले, "तू आल्यापासून ती दिसत नाही."

पुढे ते रोजचंच झालं. माझ्या हातात ताटली असली तर ताटली ठमीची, पाण्याचा पेला असला तर तोही ठमीचा. खिडकीतून ते रस्त्यावर ओरडायचे, "चोर! चोर घरात शिरलाय!" पहिल्यांदा लोक धावून आले. मग कळल्यावर हळहळले, म्हाताऱ्याचं असंच होतं म्हणाले. पण शब्द रस्त्यावर पडला की कुणीतरी उचलतोच. खालच्या मजल्यावरची पोरं मला 'चोरमावशी' म्हणायला लागली. कोपऱ्यावरचा नवा दुकानदार मी आत गेले की गल्ल्याजवळून हलत नसे. आणि एक दिवस दुकानात पितळी कड्यांच्या खणाला कुलूप दिसलं. घड्याळ म्हणालं, "सगळ्यांसाठीच आहे हो, तुमच्यासाठी म्हणून नाही." मी काही विचारलंच नव्हतं. त्या रात्री मला तो बटणांचा माणूस आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

मी फोनवर धाकट्यापाशी रडले. तो समजुतीनं म्हणाला, "ताई, तो आजार बोलतोय. शब्दाला काय अर्थ आहे? मनाला लावून घेऊ नकोस."

"तुला म्हणाले असते म्हणजे कळला असता अर्थ," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. नंतर वाईट वाटलं. त्याचंही चूक नव्हतं, दुरून कुठलाही शब्द लहानच दिसतो.

शब्द मी गिळलाही असता. पण बाबांनी माझ्या हातचं खाणं सोडलं. वरणभाताचा घास पुढे केला तर तोंड घट्ट मिटायचे. "चोरीचं खात नाही मी." दूध दिलं तर ओतून टाकायचे. मावशींच्या हातून चहा आणि पावाचा एखादा तुकडा घ्यायचे, एवढाच काय तो आधार. कोटाचे खांदे सुटायला लागले, मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. मला दुसरं काही नको होतं. मला ठमी म्हणू नये, चोर म्हणावं, पण माझ्या हातचे चार घास खावेत. दुकानात चुण्या घालताना मी तेवढंच मागत असायचे, कुणापाशी ते ठाऊक नाही.

एक शेवटचा उपाय करून पाहिला. हसू नका. दुकानातून येताना मी पडद्याची पट्टी, तांबडी, उरलेली, घड्याळाला विचारून घेऊन आले. जिन्यात उभी राहून केस विंचरले, दोन वेण्या घातल्या आणि त्या पट्टीची फुलं बांधली. पन्नाशी उलटलेली बाई, केस निम्मे पांढरे, खांद्याला पिशवी. खालच्या पोरांनी पाहिलं आणि एकही हसलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी दार लोटलं आणि लहानपणी म्हणायचे तसं म्हटलं, "बाबा, मी आले. भूक लागलीय."

बाबा उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावर असा आनंद आला की मी दारातच विरघळले. ते जवळ आले. एक वेणी हातात घेतली, रिबिनीवरून बोट फिरवलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खूप वेळ पाहत राहिले. आनंद हळूहळू निघून गेला.

"तिच्या रिबिनीसुद्धा सोडल्या नाहीस?" ते म्हणाले आणि खाली बसून रडायला लागले.

या वेळी त्यांनी मला चोर म्हटलं नाही. मी मोरीत जाऊन वेण्या सोडल्या. एक गाठ सुटेना, ती कात्रीनं कापली.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. ज्या माणसाबद्दल मनात संशय बसलाय त्याच्या हातचं ते खाणार नाहीत, आणि असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. अनोळखी माणसं असतील तर खातील. आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था धाकट्याच्या गावाजवळ होती. मी पहिल्यांदा नाही म्हटलं, भांडले, डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार आपटलं. मग घरी येऊन बाबांचं मनगट पाहिलं आणि हो म्हटलं. बापाला जगवायचं तर त्यांच्या डोळ्यांसमोरून चोराला दूर करायला हवं होतं, आणि तो चोर मी होते.

धाकटा गाडी घेऊन आला. सकाळी त्यानं बाबांसमोर लोणी लावलेले पाव ठेवले आणि गाडी बघायला खाली जाऊन आला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. थोड्या वेळानं तो रिकामी ताटली घेऊन आत आला, त्याचे डोळे चमकत होते. "ताई, खाल्लं! माझ्या हातचं सगळं खाल्लं!" मला बरं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला.

बाबांची पिशवी मी भरली. दोन सदरे, दाढीचं सामान, चष्मा, आईचा फोटो. धाकट्यानं त्यांच्या अंगातल्या कोटाची बटणं लावली आणि हाताला धरून दाराकडे आणलं. मी दाराशी उभी होते. बाबा माझ्यासमोर आले, थांबले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"चला बाबा, उशीर होतोय," धाकटा म्हणाला.

"झडतीशिवाय कसा जाऊ?" बाबा म्हणाले. "पहारेकऱ्याचीही होते. नियम आहे."

ते माझ्याकडेच बघत होते, पण आज त्यांच्या नजरेत राग नव्हता. दाराशी उभं असलेलं कुणीतरी, एवढीच मी त्यांना दिसत होते. धाकट्यानं मला खुणावलं की उरकून टाक. मी पुढे झाले. बाहेरचे खिसे चाचपले, रिकामे होते. मग कोटाच्या आत हात घातला. आतल्या बाजूला काहीतरी फुगलं होतं. बाहेर काढलं तर रुमालाचं गाठोडं. मी गाठ सोडली.

वर सकाळचे लोणी लावलेले पाव होते. त्यांच्याखाली मावशींनी दिलेले तुकडे, काही कालचे, काही कितीतरी दिवसांचे, दगडासारखे झालेले. एकालाही दात लागला नव्हता.

बाबांचे हात वरच होते.

"मी चोर नाही हो," ते म्हणाले. "माझ्याच वाटणीचं आहे. माझी मुलगी शाळेतून भुकेली येते. घरात एक बाई असते, ती तिला काही खायला देत नाही. म्हणून मी ठेवत होतो."

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला ओरडून सांगायचं होतं की बाबा, मी आलेय, केव्हाची आलेय, मीच ती. शब्द ओठांवर आले होते. पण मी सांगितलं असतं तर त्यांच्या लेखी तो पाव त्या बाईच्याच हातात पडला असता. एवढे दिवस उपाशी राहून राखलेला पाव.

"हात खाली घ्या," मी म्हटलं. "हे माझ्याकडे राहू दे. मी देते तिला."

"तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते."

"थोडी तापट आहे. पण मनानं चांगली आहे हो."

"माहितीये मला."

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली, नीट, दोनदा. गाठोडं माझ्या हातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर एकेक करून मिटवली. ती वेणी सोडली तर कितीतरी महिन्यांत त्यांनी मला हात लावला नव्हता. त्यांचा हात गार होता.

"तुमच्यावर भरवसा ठेवतोय, बाई. मध्येच कुणी खायला नको."

"नाही खाणार कुणी. तिलाच मिळेल."

त्यांनी मान हलवली आणि धाकट्याचा हात धरून जिना उतरले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि का पाहतील? खाली गाडीचं दार लागलं. मी खिडकीत गेले नाही. मी उंबऱ्यातच बसले आणि रुमाल सोडला.

आधी लोण्याचे पाव खाल्ले. मग खालचे तुकडे घेतले. ते दातांनी तुटत नव्हते, तोंडात धरून मऊ करावे लागत होते. डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत होतं, त्याचा तेवढा उपयोग झाला.

वरच्या मावशी रिकामी किटली घेऊन खाली आल्या आणि मला तसं बसलेलं पाहून दचकल्या. "अगं, काय खातेस हे? बुरसलंय ते! टाक आधी!"

"टाकू कसं?" मी म्हटलं. "माझ्या बाबांनी ठेवलंय माझ्यासाठी."

आणि पुढचा तुकडा तोंडात घातला.